एका धर्मग्रामाचा फुटबॉल क्लब
(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या मंडळानें आम्हांस ‘धर्मग्राम आणि तरुण’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. विषय मोठा आहे. आणि मोठ्या विषयावर व्यासपीठावरून बोलूं लागलें म्हणजे उपदेशाला पूर येतो व ऐकणाराला झोंप येते, हा अनुभव आपणां सर्वांस आहे. म्हणून आम्हीं असें योजिलें कीं, उपदेश थोडा करावा आणि हकीकत अधिक सांगावी. ही हकीकत एका फुटबॉल क्लबाची आहे. कोणी विचारील कीं, पाद्रीबोवांचा आणि चेंडूचा संबंध काय? तो संबंध काय होता, कसा जडला, कसा तुटला, आणि त्यांतून काय उरलें, हेंच आज सांगावयाचें आहे.

हा विषय आम्हीं उगीच निवडला नाहीं. गेलें वर्षभर आपल्या धर्मग्रामांत देवळामागच्या मैदानावरून वाद चालला आहे, हें सर्वांस ठाऊक आहे. तरुण म्हणतात, येथें धर्मग्रामाच्या नांवानें फुटबॉलचा हौशी क्लब उभारूं द्या. वडील मंडळी म्हणतात, जागेचे भाव पाहा. येथें लग्नकार्यासाठीं सभागृह बांधलें तर भाड्याचें उत्पन्न येईल व देवळाच्या दुरुस्तीची काळजी मिटेल. दोन्ही पक्षांत प्रामाणिक माणसें आहेत. निर्णय धर्मग्रामाच्या मंडळानें करावयाचा आहे. तत्पूर्वीं, आपल्यासारख्याच एका गरीब धर्मग्रामानें दीडशें वर्षांपूर्वीं काय केलें व त्याचें काय झालें, हें ऐकून घेण्यास हरकत नसावी.

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा. तिच्या जुन्या वस्तींत, किल्ल्यापासून उतरत जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या पाठीमागें, दरीसारखी खोल अशी एक गल्ली आहे. तिचें नांव काउगेट. या गल्लीस संत पॅट्रिकचें देऊळ लागून आहे. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला. बटाटा हेंच तेथील गरिबांचें मुख्य अन्न. पुढच्या सहासात वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें भुकेनें व तापानें मेलीं, आणि त्याहून कमी नव्हेत इतकीं देश सोडून गेलीं. त्यांतलीं हजारों स्कॉटलंडांत उतरलीं. जीं एडिंबऱ्यास आलीं त्यांना राहण्यास जागा मिळाली ती या काउगेटांत. पडक्या उंच इमारतींत, एका खोलींत एक कुटुंब आणि कधीं कधीं दोन. लोक त्या वस्तीला ‘लहान आयर्लंड’ म्हणूं लागले. कामें मिळत तीं कोणतीं? रस्ते झाडणें, ओझीं वाहणें, जुने कपडे विकणें. १९१६ च्या आयरिश उठावांत गोळी घालून मारलेले जेम्स कॉनली यांचा जन्म १८६८ सालीं याच काउगेटांत झाला. त्यांचे वडील नगरपालिकेच्या खताच्या गाड्यांवर कामास होते. लहानपणीं कॉनली आमच्या या क्लबाच्या खेळाडूंचें सामान उचलून नेत असत, असें सांगतात.

गरिबी एकवेळ सोसतां येते. परंतु तिला परकेपणाची जोड मिळाली म्हणजे माणूस खचतो. हे लोक आयरिश, म्हणून परके. कॅथॉलिक, म्हणून आणखी परके. स्कॉटलंड हा प्रॉटेस्टंट पंथाचा कडवा देश. धर्मक्रांतीच्या वेळीं मोडलेली कॅथॉलिक धर्मप्रांतांची व्यवस्था तेथें पुन्हां उभी राहिली ती १८७८ सालीं. म्हणजे आमच्या हकीकतीस आरंभ होतो तेव्हां त्या देशांत कॅथॉलिक धर्मप्रांतहि रीतसर स्थापन झालेले नव्हते. दिवसभर राबून संध्याकाळीं त्या अंधाऱ्या खोलींत परतणाऱ्या तरुणाला जाण्यास एकच उबदार व उजेडाची जागा होती, आणि ती म्हणजे दारूचा गुत्ता.

अशा वस्तींत १८६१ सालीं फादर एडवर्ड जोसेफ हॅनन आले. ते आयर्लंडांतील लिमरिकचे. त्याच लिमरिकमध्यें १८४९ सालीं फादर ओब्रायन यांनीं कॅथॉलिक तरुण मंडळ स्थापन केलें होतें. त्याची शाखा हॅनन यांनीं १८६५ सालीं संत पॅट्रिकच्या धर्मग्रामांत काढली. वाचनालय, व्याख्यानें, करमणुकीचे कार्यक्रम, आणि दारूपासून दूर राहण्याचा आग्रह, असें त्या मंडळाचें रूप होतें. गुत्त्याला शिव्या देऊन तो ओस पडत नाहीं. गुत्त्याहून बरी जागा दाखवावी लागते, हें त्या धर्मगुरूंनीं ओळखलें. आमच्या मतें त्यांच्या सर्व कार्याचें मूळ येथें आहे.

त्या काळीं स्कॉटलंडांत फुटबॉल नवाच फोफावत होता. १८६७ सालीं ग्लासगोंत क्वीन्स पार्क हा क्लब निघाला. १८७२ च्या नोव्हेंबरांत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचा पहिला सामना झाला. १८७३ सालीं स्कॉटिश फुटबॉल संघटना स्थापन झाली. कामगारांना शनिवारीं दुपारीं सुटी मिळूं लागली होती. या खेळाला घोडा लागत नाहीं, बंदूक लागत नाहीं, महागडी साधनें लागत नाहींत. एक चेंडू व एक मोकळी जागा असली कीं बावीस जणांची सोय होते. गरिबांच्या मुलांना तो आवडला यांत नवल नाहीं.

१८७५ सालीं मंडळांतील मायकेल व्हेलाहन नांवाच्या तरुणानें व त्याच्या सोबत्यांनीं आपला क्लब काढण्याचें मनावर घेतलें. ६ ऑगस्ट १८७५ हा क्लबाचा स्थापनादिन मानतात. आयरिश कॅथॉलिकांना नागरिकत्वाचे हक्क मिळवून देणारे डॅनियल ओकॉनेल यांच्या जन्माला त्या दिवशीं बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं. क्लबाचें नांव ठेविलें ‘हिबर्नियन’, कारण लॅटिन भाषेंत आयर्लंडास हिबर्निया म्हणतात. पोशाखाचा रंग हिरवा, चिन्ह आयरिश वीणा, कप्तान व्हेलाहन, आणि व्यवस्थेची सूत्रें फादर हॅनन यांच्या हातीं. नियम असा कीं, खेळाडू तरुण मंडळाचा सभासद व धर्म पाळणारा कॅथॉलिक असला पाहिजे. क्लब हौशी होता; खेळण्याबद्दल कोणास पैसा द्यावयाचा नाहीं. तिकिटांचें जें उत्पन्न येई त्यांतून गोरगरिबांच्या कार्यास मदत जात असे.

बंधूंनो, क्लब झाला, परंतु खेळावें कोणाशीं? हिबर्नियननें संघटनेकडे प्रवेशाचा अर्ज केला, तो नाकारण्यांत आला. कारण काय, तर ही संघटना स्कॉटिश लोकांसाठीं आहे, आयरिशांसाठीं नाहीं. स्थानिक संघटनेनेंहि तसेंच धोरण ठेविलें. त्या मुलांपैकीं कितीएकांचा जन्म एडिंबऱ्यांतच झालेला होता. तरी त्यांना परकें ठरविण्यांत आलें. अशा वेळीं मनुष्य दोन वाटांपैकीं एक धरतो. एक म्हणजे दार लावून घेऊन आंत कुढत बसणें. दुसरी म्हणजे सभ्यपणानें दार ठोठावीत राहणें. त्यांनीं दुसरी वाट धरली. अखेर हार्ट ऑफ मिडलोथियन या शेजारच्या क्लबानें सामना खेळण्याचें कबूल केलें. २५ डिसेंबर १८७५, नाताळचा दिवस, शनिवार. प्रेस्बिटेरियन स्कॉटलंडांत नाताळ हा तेव्हां सणाचा दिवसहि नव्हता. मेडोज नांवाच्या सार्वजनिक मैदानावर सामना झाला आणि हिबर्नियन एका गोलानें हरले. परंतु आम्हांस वाटतें, क्लबाच्या इतिहासांतील पुष्कळ विजयांहून ती हार मोलाची आहे. ज्यांच्याशीं कोणी खेळावयास तयार नव्हतें त्यांच्याशीं एक क्लब खेळला, आणि मग इतरांस नाहीं म्हणतां येईना. थोड्याच काळांत संघटनेचें दार उघडलें.

पुढें या दोन क्लबांची चुरस एडिंबऱ्यांत प्रसिद्ध झाली. १८७८ सालीं एडिंबरा करंडकाच्या अंतिम सामन्यांत दोघे समोरासमोर आले. सामना बरोबरींत सुटला. पुन्हां खेळविला, पुन्हां बरोबरी. असे पांच वेळां खेळावें लागलें, आणि पांचव्या खेपेस हार्ट्सनीं तीन गोलांनीं विरुद्ध दोन असा विजय मिळविला. पुढच्याच वर्षीं मात्र तो करंडक काउगेटांत आला. १८८० सालीं क्लबानें ईस्टर रोड भागांत आपलें मैदान भाड्यानें घेतलें.

आणि मग १८८७ साल उगवलें. स्कॉटिश करंडक हा त्या देशांतील सर्वांत मोठा मान. उपांत्य सामन्यांत व्हेल ऑफ लेव्हन या क्लबाला हरविल्यावर त्यानें तक्रार केली कीं, हिबर्नियनचा विली ग्रोव्ह्झ हा खेळाडू खेळण्याचे पैसे घेतो, अर्थात् तो हौशी नाहीं. चौकशी झाली आणि तक्रार फेटाळण्यांत आली. १२ फेब्रुवारी १८८७ रोजीं ग्लासगोंतील हॅम्डन पार्कवर डंबार्टनविरुद्ध अंतिम सामना झाला. दोन गोल विरुद्ध एक असा हिबर्नियनचा जय झाला, आणि विजयाचा गोल त्याच ग्रोव्ह्झनें केला. पूर्व स्कॉटलंडांतील एखाद्या क्लबानें तो करंडक जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत इंग्लंडांतील नामांकित प्रेस्टन नॉर्थ एंड या संघासहि त्यांनीं दोन विरुद्ध एक असें हरविलें. बारा वर्षांपूर्वीं ज्यांना खेळावयास सोबती मिळत नव्हता, त्या झाडूवाल्या व हमालांच्या मुलांनीं हें केलें!

येथें हकीकत संपविली असती तर ती एखाद्या बक्षीससमारंभास शोभली असती. परंतु आमचें काम तुमचें मनोरंजन करण्याचें नसून तुमच्यासमोर खरी गोष्ट ठेवण्याचें आहे. आणि खऱ्या गोष्टीचा अवघड भाग येथून सुरू होतो.

करंडक जिंकल्यावर ग्लासगोंतील आयरिश कॅथॉलिकांनीं विजयी संघाचा सत्कार संत मेरीच्या देवळाच्या सभागृहांत केला. त्या प्रसंगीं एडिंबऱ्याच्या मंडळींनीं यजमानांस सांगितलें कीं, तुम्हीहि असाच क्लब काढा. हा सल्ला ऐकणारांत मॅरिस्ट संघाचे ब्रदर वॉलफ्रिड यांच्या विचाराची मंडळी होती. वॉलफ्रिड हे आयर्लंडांतील स्लायगोचे, ग्लासगोच्या पूर्वभागांत एका कॅथॉलिक शाळेचे मुख्य. शाळेंतील उपाशी मुलांना जेवण घालण्याचें काम त्यांनीं अंगावर घेतलें होतें आणि त्यासाठीं पैसा हवा होता. ६ नोव्हेंबर १८८७ रोजीं त्याच संत मेरीच्या सभागृहांत नवा क्लब स्थापन झाला. त्याचें नांव सेल्टिक. संत मेरी, सेक्रेड हार्ट आणि संत मायकेल या तीन धर्मग्रामांतील गरजू मुलांच्या भोजनासाठीं निधि जमविणें, हा हेतु त्यांनीं आपल्या पहिल्या पत्रकांत उघड सांगितला. त्यांचें मैदान तयार झालें तेव्हां ८ मे १८८८ रोजीं त्यावर पहिला सामना खेळण्यास कोणास बोलाविलें? वडील भाऊ या नात्यानें हिबर्नियनलाच.

तीन महिने उलटले नाहींत तों त्याच वडील भावाच्या घरांतले उत्तमोत्तम खेळाडू धाकट्याकडे गेले. त्यांत विली ग्रोव्ह्झहि होता. कागदोपत्रीं सर्व क्लब हौशी होते. इंग्लंडांत १८८५ सालींच खेळाचे पैसे घेण्यास परवानगी मिळाली होती. स्कॉटलंडांत ती मिळाली १८९३ सालीं. मधल्या काळांत नियम एक बोलत असे आणि व्यवहार दुसराच चाले. कोणास नोकरी, कोणास दुकान, कोणास पाकिटांत कांहीं, अशा आडवाटांनीं खेळाडू इकडून तिकडे नेले जात. आम्ही येथें कोणा एकाला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करीत नाहीं. गरिबाच्या मुलानें चार पैसे अधिक मिळतात म्हणून जावें, यांत मोठें पाप तें कोणतें? आणि उपाशी मुलांच्या ताटांत अन्न वाढणारानें चांगला संघ जमवावा, हेंहि समजण्यासारखें आहे. परंतु परिणाम पाहा. ज्या क्लबानें वाट दाखविली, तोच बुडाला.

एका संकटामागून दुसरें आलें. संघ दुबळा झाला, प्रेक्षक घटले, उत्पन्न आटलें. मैदानाचा भाडेपट्टा संपला आणि पुढें त्या जागेवर घरांची आळी उभी राहिली. १८९१ सालीं कॅनन हॅनन वारले. एडिंबऱ्यांतील ग्रेंज दफनभूमींत त्यांना माती दिली. त्याच वर्षीं क्लबाचा खेळ बंद पडला. सोळा वर्षांत जन्म, वैभव आणि अंत, तिन्ही झालीं.

या ठिकाणीं आम्ही तुम्हांस थोडें थांबण्यास सांगतों. क्लब कशानें मेला? पैशानें, असें कोणी म्हणेल. आणि तें खोटें नाहीं. परंतु चेंडू होता, खेळणारीं मुलें होतीं, हिरवा पोशाख होता, कीर्ति होती. नव्हतें तें एवढेंच, स्वतःचें मैदान, आणि जबाबदारी वाटून घेतलेलीं चार माणसें. ज्या संस्थेचें सर्व ओझें एका धर्मगुरूच्या खांद्यावर असतें, तिला त्याच्याबरोबर पुरण्याची वेळ येऊं शकते. हें बोलतांना आम्हांस आमच्याच पेशाच्या लोकांस सांगावयाचें आहे, तसेंच तुम्हांसहि. धर्मगुरु बदलून जातात; धर्मग्राम राहतो.

असो. क्लब मेला, परंतु माती दिलेल्या बीजासारखा पुन्हां उगवला. १८९२ च्या सुमारास जुन्या मंडळींनीं पुन्हां डोकें वर काढलें. नवें मैदान मिळविलें, आणि १८९३ च्या फेब्रुवारींत त्यावर खेळ सुरू झाला. आजहि हिबर्नियन त्याच ईस्टर रोडच्या मैदानावर खेळतो. या वेळीं एक मोठा फरक केला. खेळाडू कॅथॉलिकच पाहिजे, हा नियम त्यांनीं काढून टाकला. ज्यांना एकदां ‘तुम्ही आमच्यापैकीं नाहीं’ असें सांगण्यांत आलें होतें, त्यांनीं आपल्या दारावर तसली पाटी ठेविली नाहीं. पुढच्या दोन्ही वर्षीं ते दुसऱ्या वर्गांत पहिले आले. पहिल्या खेपेस वरच्या वर्गांत घेण्यास इतर क्लबांचीं मतें मिळालीं नाहींत, दुसऱ्या खेपेस मिळालीं. १९०२ सालीं त्यांनीं पुन्हां स्कॉटिश करंडक जिंकला. तोहि सेल्टिकवर एका गोलानें, आणि सेल्टिकच्याच मैदानावर. त्यानंतर तो करंडक परत हातीं येण्यास ११४ वर्षें लागलीं. २०१६ सालीं रेंजर्सविरुद्ध सामना संपतां संपतां केलेल्या गोलानें तीन विरुद्ध दोन असा जय मिळाला. आजोबांनीं वाट पाहिली, बापांनीं वाट पाहिली, आणि नातवांनीं पाहिलें. आपण पन्नास वर्षांचा महोत्सव करतों, तेव्हां एवढ्या धीराची गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

सेल्टिकचेंहि दोन शब्दांत सांगतों. ब्रदर वॉलफ्रिड यांची १८९२ सालीं लंडनला बदली झाली. १८९७ सालीं क्लबाची भागीदारांची कंपनी झाली. तो जगप्रसिद्ध झाला. परंतु मुलांच्या जेवणाचें ताट हा ज्याचा आरंभीचा मुख्य हेतु होता, तो हेतु धंद्याच्या गर्दींत मागें पडला, अशी टीका त्या काळापासून होत आली आहे. याच्या उलट क्वीन्स पार्कचें उदाहरण आहे. १८६७ पासून तो क्लब हौशीच राहिला. दीडशें वर्षांहून अधिक काळ त्याच्या खेळाडूंनीं खेळाबद्दल मोबदला घेतला नाहीं. २०१९ सालीं सभासदांनीं मतें देऊन तो नियम सोडला. नियम कायमचा टिकला नाहीं हें खरें. पण मनावर घेतलें तर पांचसहा पिढ्या तो पाळतां येतो, एवढें त्यानें दाखविलें.

आतां कोणी म्हणेल, हें सर्व गोऱ्या लोकांचें, दूरदेशींचें. तसें नाहीं. १८८८ सालीं, सेल्टिकचें मैदान उघडलें त्याच वर्षीं, शिमल्यास ड्यूरँड करंडकाचे सामने सुरू झाले. पहिला विजय रॉयल स्कॉट्स फ्युजिलियर्स या स्कॉटिश पलटणीचा. १८९१ सालीं, काउगेटचा क्लब बंद पडला त्या वर्षीं, आपल्या मुंबईंत रोव्हर्स करंडक सुरू झाला. आणि आपल्या शेजारीं गोमंतकांत हा खेळ कोणी आणला? पलटणीनें नव्हे. १८८३ सालीं शिवोलीस आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनीं तो मुलांच्या शिक्षणाचा भाग म्हणून शिकविला. आज गोव्यांत देवळासमोरच्या पटांगणांत, भात कापलेल्या शेतांत मुलें चेंडू खेळतात, त्यांचें मूळ तेथें आहे. बंगालची गोष्ट तुम्हांस ठाऊक असेल. १८८९ सालीं स्थापन झालेल्या मोहन बागान या क्लबानें १९११ सालीं बहुतेक अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर पलटणीस दोन विरुद्ध एक असें हरविलें व आय. एफ. ए. ढाल जिंकली. काउगेट काय आणि कलकत्ता काय, ज्यांना खालचें मानलें होतें त्यांनीं मैदानावर आपली बरोबरी सिद्ध केली. कोर्टांत, कचेरींत, बाजारांत बरोबरी मिळण्यास पिढ्या लागतात. मैदानावर ती शिटी वाजतांच मिळते. गरिबाला या खेळाचें अगत्य कां, याचें कारण हें आहे.

आतां आपल्या मैदानाकडे वळतों. आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. तें आज्ञा म्हणून घेऊं नये, एका सेवकाचें मत म्हणून घ्यावें.

पहिली गोष्ट जागेची. आपल्या वसईंत आमच्या पिढीनें पाहिलेल्या वाड्या, शेतें व मोकळ्या जागा यांवर एकामागून एक इमारती चढल्या. विकलेली किंवा बांधलेली जागा परत मोकळी झालेली आम्हीं पाहिली नाहीं. सभागृहाचें भाडें दरसाल येईल हें खरें. परंतु हिबर्नियनचें मैदान गेलें तेव्हां तेथेंहि कोणास तरी भाडें मिळालेंच असेल. आज त्या भाड्याचा हिशोब कोणास ठाऊक नाहीं. देवळाच्या दुरुस्तीस पैसा लागतो, वडिलांची ही काळजी खरी आहे, आणि तरुणांनीं ती हंसण्यावारीं नेऊं नये. ज्यांना मैदान हवें आहे त्यांनीं दुरुस्तीचा कांहीं वांटा आपल्या अंगावर घ्यावा. काउगेटच्या मुलांनीं चेंडू खेळून गरिबांस मदत केली; तुम्हांस देवळाचीं कौलें शाकारतां येणार नाहींत काय?

दुसरी गोष्ट पैशाची. हल्लीं रोख बक्षिसांचे सामने जागोजाग होतात, आणि चांगला खेळणारा मुलगा आज एका संघाकडून, उद्यां दुसऱ्याकडून, थोड्या रुपयांसाठीं खेळतो. कोणास खेळावर पोट भरावयाचें असेल तर त्यानें उघडपणें तो धंदा करावा. त्यांत कमीपणा नाहीं. परंतु धर्मग्रामाच्या नांवाचा क्लब हौशी असला तर तो सर्वस्वीं हौशी असावा. नियम एक आणि व्यवहार दुसरा, हा रोग क्लबापेक्षां मुलांच्या मनास अधिक लागतो. दर सहा महिन्यांनीं जमाखर्च सर्वांसमक्ष वाचून दाखवावा. कारभार पाद्रीबोवांकडे नसावा. पांचसात जाणत्या माणसांकडे असावा, आणि त्यांतलीं निदान दोन पंचविशीच्या आंतलीं असावीं.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. क्लबांत आपलींच मुलें घ्यावीं, कीं शेजारच्या हिंदु, मुसलमान मुलांसहि घ्यावें? आमचें उत्तर तुम्हीं हकीकतींतच ऐकलें आहे. हॅनन यांच्या नियमाला आम्ही नांवें ठेवीत नाहीं; ज्यांना सर्वांनीं बाहेर लोटलें होतें त्यांना आधीं एकत्र उभें राहणें भाग होतें. परंतु तो काळ सरला तेव्हां त्यांच्याच वारसांनीं दार उघडलें, आणि दार उघडल्यामुळें क्लब तगला. आपल्याला या गांवांत कोणी खेळांतून वगळलेलें नाहीं. मग आपण कोणास कां वगळावें? उलट, ज्या मुलानें आपल्या मुलाला चेंडू दिला आहे व ज्याच्याकडून आपल्या मुलानें चेंडू घेतला आहे, तो पुढें गांवांत तंटा उठला तर आपल्या दारावर दगड मारण्यापूर्वीं दोनदां विचार करील. आणि आपलाहि करील.

आणि शेवटीं वेळेची गोष्ट. रविवारच्या मिस्सेच्या वेळीं मैदानावर चेंडू पडूं नये. संत पौलानें शर्यतीचा दाखला देऊन अध्यात्म शिकविलें, संत जॉन बॉस्कोनें तुरीनच्या रस्त्यांवरील मुलांना खेळाच्या पटांगणांतून प्रार्थनेकडे नेलें. म्हणजे खेळ व भक्ति यांचें वैर नाहीं. परंतु दोघांच्या वेळा निराळ्या ठेवाव्या. मुलींच्या खेळासहि आठवड्यांतले दोन दिवस राखून ठेवावे. त्यांनीं तसें मागितलें आहे, आणि मागणी रास्त आहे.

काउगेटांतील संत पॅट्रिकचें देऊळ आजहि उभें आहे. त्याच देवळांत १९०० सालीं मार्गारेट सिंक्लेअर या मुलीचा बाप्तिस्मा झाला. ती झाडूवाल्याच्या घरांत वाढली, कारखान्यांत राबली, पुढें धर्मभगिनी झाली. ख्रिस्तसभेनें तिला ‘पूजनीय’ ही पदवी दिली आहे, आणि २००३ पासून तिच्या अस्थि त्या देवळांत आहेत. एकाच गरीब वस्तींतून करंडक जिंकणारे खेळाडूहि निघाले व असें पवित्र जीवनहि निघालें. धर्मग्राम म्हणजे काय, हें याहून निराळें आम्हांस सांगतां येत नाहीं. ज्या मातींत माणसें वाढतात ती माती आधीं राखावी लागते. तींतून कोण उगवेल तें देव जाणे.

मंडळाची बैठक पुढील महिन्यांत आहे. वडिलांनीं तरुणांचें ऐकावें, तरुणांनीं वडिलांचें ऐकावें, आणि जो निर्णय होईल तो सर्वांनीं आपला म्हणून पाळावा. आमच्या पूर्वजांनीं ही जागा देवळास दिली तेव्हां त्यांच्याजवळ आपल्याइतका पैसा नव्हता. मन मात्र मोठें होतें. तें मन प्रभु ख्रिस्त आपणां सर्वांस देवो, आपल्या मुलाबाळांचें रक्षण करो, आणि शतमहोत्सवाच्या वेळीं येथें उभ्या राहणाऱ्या धर्मगुरूस आपल्याविषयीं चांगलें बोलण्यास कारण देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.